चौदा दिवसांची वही : सावत्र घरात मुलांचं कोण करतं

दुसऱ्या लग्नाने जमलेल्या घरांबरोबर आम्ही समुपदेशनाचं काम करतो. पहिल्या बैठकीत 'मुलांचं कोण बघतं?' असं विचारलं की नवराबायको एका सुरात 'दोघंही बघतो' म्हणतात. ते खोटं बोलत नसतात. बापाला शाळेची फी, रविवारची बाग आणि परीक्षेचे मार्क दिसतात; नव्या आईला डबा, वेणी आणि रात्री ओला झालेला बिछाना दिसतो. 'बघणं' म्हणजे काय, हेच दोघांचं वेगळं असतं. म्हणून आम्ही तो प्रश्न सोडला आणि वही द्यायला लागलो. ती कशी आखायची, कुठे फसते आणि भरून झाल्यावर कामं कशी हलवायची, हे इथे तपशिलात मांडतो.

वह्या दोन लागतात, साध्या शंभरपानी, एकेकाची एकेक. समोरासमोरची दोन पानं म्हणजे एक दिवस. डाव्या पानावर पहाटे 5 ते दुपारी 2, उजव्यावर दुपारी 2 ते रात्री 11. अर्ध्या तासाची एक ओळ धरली की दोन्हीकडे 18-18 ओळी बसतात. उजव्या पानाच्या तळाशी 'रात्र' म्हणून दोन बोटं जागा सोडायची. तिथे कोण उठलं आणि कशासाठी, एवढंच लिहायचं. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणातही दिवस असाच अर्ध्या-अर्ध्या तासांत मोडतात, पहाटे 4 पासून दुसऱ्या पहाटे 4 पर्यंत, आणि एका अर्ध्या तासात जास्तीत जास्त तीन कामं धरतात, तीही किमान दहा मिनिटं चाललेली. तो दहा मिनिटांचा नियम आम्ही उचलला, कारण त्याच्यावाचून वही पहिल्याच दिवशी फुगते. मुलाला सोसायटीच्या गेटपर्यंत सोडायला चार मिनिटं लागतात. 'सोडायला गेलो' म्हणून सात ते साडेसातची अख्खी ओळ भरली की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

त्याच सर्वेक्षणाचे 2024 चे आकडे आम्ही पहिल्या दिवशी जोडप्यासमोर ठेवतो. 15 ते 59 वयाच्या 41 टक्के बायका घरातल्या माणसांची काळजी घेण्याच्या कामात होत्या आणि त्यावर दिवसाला सरासरी 140 मिनिटं घालवत होत्या. पुरुष 21.4 टक्के, मिनिटं 74. हे सगळ्या घरांचं मिळून चित्र आहे. सावत्र घर याच जमिनीवर उभं राहतं, फक्त तिथे एक जास्तीची गाठ असते: मूल एकाचं आणि काम दुसऱ्याचं.

ओळीत चार रकाने: वेळ, काय केलं, कुठल्या मुलासाठी, आणि खूण. खुणा पाच. 'अं' म्हणजे अंगाचं काम: आंघोळ, वेणी, नखं, भरवणं, तापात कपाळावर पट्टी. 'ने' म्हणजे ने-आण. 'सं' म्हणजे संगत: पत्ते, गोष्ट, सायकल शिकवणं, शेजारी बसून गृहपाठ. 'ह' म्हणजे नुसती हजेरी: घरात आहे, मूलही घरात आहे, पण लक्ष दुसरीकडे. आणि 'डो' म्हणजे डोक्यातलं काम: गुरुवारी चार्टपेपर लागणार, बूस्टरची तारीख आली, मोठीची चप्पल आखूड झाली. 'डो' मिनिटांत मोजायचं नाही, नगावर मोजायचं. आठवायला क्षण लागतो, पण ज्याच्या डोक्यात ते असतं त्याला दिवसभर सुट्टी नसते. हा रकाना बाप कोरा ठेवतात आणि विचारलं तर म्हणतात, 'असं काही नव्हतंच.' असतं. ते दुसरीच्या वहीत असतं.

लिहायचं दिवसातून तीनदा: सकाळी 9, दुपारी 3, रात्री 9. रात्री एकदम बसून लिहिलं तर आपण केलेलं सगळं आठवतं आणि दुसऱ्याने केलेलं निम्मं निसटतं. दुपारी ऑफिसात असलेल्याने फोनवर टिपून संध्याकाळी उतरवावं. एकमेकांची वही रविवारपर्यंत उघडायची नाही. हा नियम मोडला की तिसऱ्या दिवसापासून दोघंही एकमेकांना दाखवण्यासाठी लिहायला लागतात. चौदा दिवस अशासाठी की त्यात दोन शनिवार-रविवार येतात, आणि घटस्फोटानंतर मूल एकाआड एक शनिवारी दुसऱ्या पालकाकडे जात असेल तर एक जाण्याचा आणि एक राहण्याचा असे दोन्ही सापडतात. परीक्षेचा आठवडा, गणपती, दिवाळी आणि मे महिना टाळायचा.

मुलांकडून वही भरून घ्यायची नाही. तो त्यांच्यावर साक्ष देण्याचा भार होतो. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला, तेही बाहेरच्या माणसाने, एवढंच विचारायचं: रात्री पोट दुखलं तर कोणाला उठवतोस? डायरीवर सही कोणाची घेतोस? सहलीचे पैसे कोणाकडे मागतोस? शाळेत कोणी मारलं तर घरी आधी कोणाला सांगतोस? कंपासपेटी हरवली तर कोणाला सांगायचं टाळतोस? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बाकी चारांपेक्षा जास्त सांगून जातं.

आता एक पान जवळून बघू. समजा, बायको वारलेला बाप, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा, घरात आजी, नव्या आईला येऊन सात महिने झालेले. मंगळवार. तिच्या वहीत 5:30 ला कणीक आणि पाणी तापवणं, खूण नाही, कारण ते घरकाम. 6:00 ला दोन डबे, बटाट्याच्या काचऱ्या आणि पोळी. धाकट्याला उठवणं, ब्रश, आंघोळ, 'अं'. 6:30 ला मोठीची वेणी, 'अं', आणि पुढे कंसात 'रडली'. 7:00 ला पाण्याच्या बाटल्या, बूट, व्हॅन. डोक्यातलं: 'निळ्या कागदाचं कव्हर आजच हवं होतं', 'धाकट्याचा खोकला, मैदानावर नको'. बापाच्या वहीत 6:00 ला आंघोळ, 6:30 ला पेपर, खूण 'ह'. 7:00 ला 'मुलांना सोडलं', जे दहा मिनिटांच्या नियमाने खोडावं लागतं. म्हणजे सहा ते साडेसात या तीन ओळींत त्याच्या स्वतःच्या मुलांसाठी त्याची एकही ओळ नाही, आणि ज्या मुलीशी नातं जुळायला अजून वेळ आहे तिचे केस रोज सकाळी घाईत ओढण्याचं काम नव्या बाईकडे आहे. मग 'ही मला नीट वागवत नाही' असं मुलीला वाटलं तर नवल नाही. तिच्याशी वाईट कोणीच वागलेलं नाही. कामच चुकीच्या हातात पडलंय.

रविवारी बेरीज. पाऊण तास पुरतो. टक्के काढायचे नाहीत, नुसत्या ओळी मोजायच्या: प्रत्येकाच्या 'अं' किती, 'ने' किती, 'सं' किती, 'डो' किती नग, आणि त्यातल्या किती कोणाच्या मुलासाठी. दोन मुलांसाठी एकच ओळ असेल तर ती एकदाच मोजायची. स्वयंपाक करता करता गृहपाठ घेतला तर ओळ घरकामाची, बाजूला लहान 'सं'. टीव्ही चालू आहे, मूल सोफ्यावर आहे, बाप फोनमध्ये आहे, ही 'ह' आहे, 'सं' नाही. यावरून वाद होतातच. कामवाल्या बाईंकडे किंवा पाळणाघरात दिलेला वेळ कोणाच्याच खात्यात धरायचा नाही, पण त्यांच्याशी बोलणं, सुट्टीची सोय लावणं हे 'डो' आहे आणि ज्याने केलं त्याचं आहे.

बेरजेतून दोन अगदी वेगळी चित्रं निघतात, आणि आमच्या मते सगळा मुद्दा इथे आहे. सावत्र आईला काम पहिल्या दिवशी मिळतं आणि अधिकार मिळत नाही. सावत्र वडिलांना अधिकार पहिल्या दिवशी मिळतो आणि काम मिळतच नाही. दोन्ही घरांना एकच उपाय सांगितला तर एकाचं नक्की बिघडतं.

आधी पहिलं. बिजवर बापाचं लग्न पुष्कळदा 'मुलांना आई हवी' म्हणूनच ठरतं, तसं बोलूनही दाखवतात. तोवर मुलांचं सगळं आजीने केलेलं असतं, ती थकलेली असते, आणि लग्नाच्या दुसऱ्या सोमवारी ती मुलांना म्हणते, 'आता तुमची आई आली, तिला सांगा.' म्हातारीचं चूक नाही. पण मुलांच्या बाजूने बघा: एका आठवड्यात त्यांची आजीही गेली आणि एक परकी बाई अंगाला हात लावायला आली. हे हस्तांतर एका दिवसात करायचं नसतं, बारा आठवडे घ्यायचे. पहिले चार आठवडे नवी आई मुलांच्या अंगाचं काहीही करत नाही. ते बाप आणि आजी वाटून घेतात. तिच्याकडे रोज 'सं'ची एकच ओळ, ठरलेल्या वेळी, ठरलेली गोष्ट. संध्याकाळी सहाला कॅरम म्हणजे सहाला कॅरम. भाजी निवडता निवडता मारलेल्या गप्पा यात चालत नाहीत, कारण तेव्हा ती कामात असते आणि मुलांना ते कळतं. पाचव्या आठवड्यापासून अंगाचं एक काम, तेही मुलाने मागितलं तर. नवव्यापासून सकाळच्या तीन ओळींपैकी एक तिची. तीन वर्षांखालच्या मुलांना हे वेळापत्रक लागू नाही. ती हातातूनच ओळख करून घेतात. तिथे नव्या आईने पहिल्या दिवसापासून भरवावं, न्हाऊ घालावं, पण सुरुवातीचा महिना बाप तिथेच, बाथरूमच्या दारात उभा हवा.

शिस्त वर्षभर बापाकडे. तिने 'नाही' म्हणायचंच नाही असं नव्हे. पण ते 'नाही' आधी बापाने तिच्यादेखत घराचा नियम म्हणून सांगितलेलं असावं. 'साडेआठला मोबाइल बंद, मी नसलो तरी.' मग साडेआठला ती जे सांगते ते तिचं मत नसतं.

बापाने सकाळ घ्यायची म्हणजे वेणी शिकायची. हे आम्ही नेटाने सांगतो. केस किंचित ओले करायचे, स्प्रेच्या बाटलीने दोन-तीनदाच. शेपटीच्या कंगव्याने कपाळापासून मानेपर्यंत भांग. गुंता खालच्या टोकाकडून वर सोडवायचा, वरून खाली नाही, आणि सोडवताना मुळाशी दुसऱ्या हाताने केस धरायचे म्हणजे ओढ डोक्याला बसत नाही. तीन पेड, प्रत्येक वळणाला सारखा ताण. पहिला आठवडा दोन वेण्यांना पंधरा मिनिटं लागतात, महिन्याभरात सहा-सात होतात. आदल्या रात्री तेल लावून सैल वेणी घालून ठेवली तर सकाळचा गुंता निम्मा होतो. पहिल्या आठवड्यातल्या वेण्या वाकड्या होतात, मुलगी शाळेत जायला तयार नसते. तो आठवडा शनिवारी सुरू करावा, सोमवारी नाही.

हे मोडतं ते बहुधा तिसऱ्या आठवड्यात, आणि कारण ठरलेलं असतं. बापाची शिफ्ट बदलते, एक दिवस नवी आई 'आजच्यापुरतं' करते, आणि तो दिवस संपत नाही. दुसरं कारण आजी: 'घरात बायको असून तू वेण्या घालतोस?' म्हणून रविवारच्या बेरजेला आजीलाही बसवायचं. ओळी मोजताना पाहिल्या की ती स्वतःच म्हणते, 'माझ्या वेळी हे कोणी मोजलं नाही.' तिथून पुढे ती बाजूची होते.

एक गोष्ट इथे बोलल्यावाचून राहवत नाही. आपल्या भाषेत 'सावत्र आईची वागणूक' हा शब्दप्रयोग आहे, सावत्र बापाचा नाही. ध्रुवाच्या गोष्टीत मांडीवरून उठवणारी सुरुची लहान मुलांनाही ठाऊक असते. मांडी ज्याची होती तो उत्तानपाद गप्प का बसला, हे विचारत नाही कोणी. वही भरणाऱ्या घरांत आम्हाला तो गप्प बसलेला राजा सारखा भेटतो.

दुसरं चित्र: मूल आईचं, नवरा नवा. इथे सगळ्या ओळी आईच्या वहीत असतात आणि ती त्याबद्दल तक्रारही करत नाही. 'माझं मूल आहे, त्यांना कशाला त्रास?' मूल रडलं तर दार लावून घेते, आजारी पडलं तर स्वतःची रजा टाकते, मुलाची फी आपल्या पगारातून भरते. उपकाराखाली राहिल्यासारखं. नवऱ्याला वाटतं आपण मधे पडू नये हेच बरं. असे सहा महिने पाहुण्यासारखे गेल्यावर एके दिवशी प्रगतिपुस्तक येतं आणि तो ओरडतो. मुलाच्या हिशेबात या माणसाने आजवर दिलेली पहिली गोष्ट म्हणजे ओरडा.

इथे आईला 'सोड' म्हणावं लागतं आणि वडिलांना 'घे'. सुरुवात 'ने'ने करायची. ने-आण हे सावत्र वडिलांसाठी सगळ्यात सोपं काम आहे: वेळ बांधलेली, रस्ता ठरलेला, स्कूटरवर दोघांची तोंडं एकाच दिशेला, डोळ्यांत डोळे घालून बोलायची सक्ती नाही. आठवड्यातून तीन फेऱ्या, पंधरा-वीस मिनिटांच्या. पहिल्या महिन्यात अभ्यासाचा विषय गाडीवर काढायचा नाही. त्यात खंड पाडायचा नाही. मीटिंग आली तर आईला नव्हे, मुलाला आधी फोन: 'आज मी नाही, आई येईल, उद्या मी.' दुसऱ्या महिन्यात 'डो'मधला एक विषय पूर्ण त्याच्याकडे, म्हणजे आठवण, वस्तू, पैसे आणि पाठपुरावा सगळं. दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट, किंवा क्रिकेटचा क्लास. आईने मधेच 'केलंत का?' विचारायचं नाही. एखादी अपॉइंटमेंट चुकेल. चुकू द्यावी, दुसरी मिळते.

मुलगी असेल तर अंगाची कामं आईकडेच, आणि हे लग्नाआधी, न संकोचता, तिघांसमोर बोलून ठेवायचं: आंघोळ, कपडे, झोपण्याची खोली. सावत्र वडिलांनाही ते बरं पडतं. लोक काय म्हणतील या धास्तीने ते तसेही चार हात लांब राहत असतात. पण घोटाळा पुढे आहे. 'मुलीचं मी कसं करणार?' या वाक्याखाली त्याची सगळी बेरीज शून्यावर येते. आम्ही म्हणतो, मिनिटं वळती करा. सकाळी तिच्या दोन ओळी मुलीच्या अंगाच्या कामात जात असतील तर त्याच दोन ओळींत डबे, कुकर आणि ओटा त्याचा. तो मुलीला हात लावत नाही, पण तिच्या आईची सकाळ मोकळी करतो. मुलीला ते दिसतं.

ठरलेल्या शनिवार-रविवारी बापाकडे येणाऱ्या मुलांचं थोडक्यात. बाप मुलांना घेऊन येतो आणि दुपारी 'तासाभरात आलो' म्हणून बाहेर पडतो. वहीत त्या दोन दिवसांच्या जेवणखाणाच्या, अंथरुणाच्या ओळी नव्या बायकोच्या निघतात. कोर्टाने तो वेळ बापाला दिलेला असतो, घराला नाही. त्या दोन दिवसांत बाप घरी, एक जेवण त्याच्या हातचं, खिचडी का असेना, आणि बायकोला शनिवारी संध्याकाळी चार तास बाहेर जायची मुभा, कारण न सांगता.

नव्या जोडप्याला स्वतःचं बाळ झालं की दोन्ही चित्रं पुन्हा विस्कटतात. बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांत मोठ्या मुलाच्या 'सं'च्या ओळी संपतात, आणि त्या नेमक्या त्या मुलाच्या संपतात ज्याला आधीच शंका असते. बाळ यायच्या महिनाभर आधी रोजच्या दोन ओळी त्याच्या सख्ख्या पालकाच्या नावावर आखून ठेवायच्या. आखून म्हणजे पेनने, कॅलेंडरवर.

आता सही. वर्षभर डबा भरणाऱ्या बाईला शाळेच्या अर्जावर सही करता येत नाही, हा धक्का अनेकींना पहिल्या सहलीच्या वेळी बसतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 याच्या कलम 6 मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की 'वडील' आणि 'आई' या शब्दांत सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. उलट आईवडिलांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्यात 'पालक' म्हणताना सावत्र आईवडीलही धरलेत. म्हणजे म्हातारपणी हक्क आहे, आज सही नाही. व्यवहारात करायचं ते असं: सख्ख्या पालकाच्या सहीचं पत्र शाळेत, त्यात मुलाला कोण नेऊ शकतं त्यांची नावं, फोटो, मोबाइल नंबर, आणि दर जूनमध्ये ते नव्याने द्यायचं, कारण वर्गशिक्षक बदलतात. दुसरी प्रत बालरोगतज्ज्ञांच्या फाइलमध्ये, सोबत रक्तगट आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते.

पक्कं हवं असेल तर दत्तक. सावत्र पालकाने दत्तक घ्यायचं तर स्थिर वैवाहिक जीवनाची किमान दोन वर्षांची अट लागू होत नाही. पण घाई करू नये असंच आम्ही सांगतो, कारण आपल्याकडे मुलाच्या नावाच्या मधोमध बापाचं नाव असतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आधी येतं, तरी बापाचं असतंच. नवं नाव लागलं की जुनं हजेरीपटावरून पुसलं जातं, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते रोज सकाळी ऐकू येतं. दुसऱ्या टोकाची चूकही नको: आडनावाच्या एका खटल्यात जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदोपत्री आईच्या नव्या नवऱ्याचं नाव 'सावत्र पिता' असं लावायला सांगणं जवळजवळ क्रूर ठरवलं होतं. मुलाला विचारावं, दोनदा, सहा महिन्यांच्या अंतराने.

वही पुन्हा भरायची तीन महिन्यांनी, या वेळी सातच दिवस. ओळी सारख्या झाल्या का, हे बघायचं नाही. त्या कधीच सारख्या होत नाहीत. बघायचं ते तीन ठिकाणी. बापाच्या किंवा सावत्र वडिलांच्या वहीत 'डो'चे नग आले का. नव्या आईच्या वहीत 'सं'ची ओळ टिकली का, की ती पुन्हा 'अं'मध्ये बुडाली. आणि उजव्या पानाच्या तळाशी, दोन बोटांच्या जागेत, रात्री मुलाने कोणाला हाक मारली.